यास मरीनाचा ट्रॅक तीन जागी बदलला, त्याचा हिशेब

१४ नोव्हेंबर २०१०. अबू धाबीच्या यास बेटावरच्या यास मरीना ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या हंगामातली शेवटची शर्यत, आणि विजेतेपद अजून चौघांच्या आवाक्यात. फेरारीचा फर्नांडो अलोन्सो २४६ गुणांवर, रेड बुलचे मार्क वेबर आणि सेबास्टियन व्हेटेल २३८ आणि २३१ वर, मॅक्लारेनचा लुईस हॅमिल्टन २२२ वर. व्हेटेल जिंकला असता तरी अलोन्सोला चौथा नंबर पुरला असता. वेबर लवकर पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) गेला म्हणून फेरारीने पंधराव्या लॅपला (फेरीला) अलोन्सोलाही आत बोलावलं. टायर बदलून तो बाहेर पडला तो थेट विताली पेत्रोव्हच्या रेनोमागे. पहिल्याच लॅपला सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी) आली तेव्हा पेत्रोव्हने टायर बदलून घेतले होते, त्यामुळे त्याला पुन्हा थांबायचं कारण नव्हतं.

तिथून शर्यत संपेपर्यंत, जवळपास चाळीस लॅप, अलोन्सो पेत्रोव्हच्या मागेच राहिला. पेत्रोव्ह सहावा, अलोन्सो सातवा, व्हेटेल पहिला. विजेतेपद चार गुणांनी गेलं.

वरंध घाटात एसटीच्या मागे अडकलेल्या माणसाला अलोन्सोची ती अवस्था लगेच समजेल. आपली गाडी जास्त जोरात पळू शकते हे माहीत असतं, पुढचा वाईट चालवत नाही हेही दिसत असतं, पण रस्ताच अशी एकही जागा देत नाही की जिथे बाजूला निघता येईल. त्या रात्री लोकांनी फेरारीच्या डावपेचांना दोष दिला, आणि तो बरोबरच होता. पण एक प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. इतकी वेगवान गाडी, एवढा लांब सरळ पट्टा, चाळीस संधी, तरी एकदाही का जमू नये? मी सुट्टीच्या दिवशी एका इनडोअर कार्टिंग हॉलमध्ये ट्रॅकची मांडणी करायला मदत करतो. आमच्या हॉलमध्येही हेच घडतं: पहिल्या वळणाला जो पुढे, तो शेवटपर्यंत पुढे. म्हणून यास मरीनाचं प्रकरण मी इतकं खोलात जाऊन पाहिलं. मोठ्या ट्रॅकवर जे अडतं आणि छोट्या हॉलमध्ये जे अडतं, त्यात काही गोष्टी अगदी सारख्या आहेत आणि एक गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

आधीचा ट्रॅक

यास मरीना सर्किट २००९ मध्ये सुरू झालं. आराखडा हर्मान टिल्के यांचा. लांबी ५.५५४ किलोमीटर, २१ वळणं, शर्यत ५५ लॅपची, फिरण्याची दिशा घड्याळाच्या उलट. शर्यत उजेडात सुरू होते आणि दिव्यांखाली संपते. पिटमधून बाहेर पडायचा रस्ता बोगद्यातून ट्रॅकखालून जातो. एका टप्प्यात ट्रॅक हॉटेलच्या दोन इमारतींच्या मधून, त्यांना जोडणाऱ्या पुलाखालून निघतो. दिसायला फार देखणी जागा आहे, यात शंका नाही.

कागदावर या ट्रॅकमध्ये ओव्हरटेकसाठी लागणारं सगळं होतं. हळू हेअरपिन (जवळपास उलट फिरवणारं घट्ट वळण), तिच्यापुढे सव्वा किलोमीटरच्या आसपासचा सरळ पट्टा, त्याच्या टोकाला जोरदार ब्रेकिंग, मग दुसरा लांब पट्टा, पुन्हा ब्रेकिंग. ट्रॅक आखणारे लोक कायम हेच सूत्र सांगतात: हळू वळण, लांब पट्टा, हळू वळण. टिल्के यांनी सूत्र पाळलं होतं. तरी शर्यती रटाळ होत राहिल्या. २०११ पासून डीआरएस आलं, म्हणजे मागच्या गाडीला ठरलेल्या पट्ट्यावर मागचा पंख उघडून जास्त वेग घेण्याची मुभा मिळाली. त्याने थोडा फरक पडला, दुखणं मात्र गेलं नाही. २०१५ ते २०२० या सहा वर्षांत इथली प्रत्येक शर्यत पोलवरून, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवरून, सुरुवात करणाऱ्यानेच जिंकली: रोझबर्ग, हॅमिल्टन, बोटास, पुन्हा दोनदा हॅमिल्टन, आणि २०२० मध्ये व्हर्स्टापेन.

दुखणं कुठे होतं हे कळायला सूत्राच्या आधीच्या शंभर-दोनशे मीटरकडे पाहावं लागतं. हेअरपिन तेव्हा सातव्या क्रमांकाचं वळण होतं, आणि तिच्या अगदी तोंडाशी पाच आणि सहा क्रमांकाची अरुंद शिकेन (वेग तोडणारी डावी-उजवी वळणांची जोडी) होती. गाड्या वेगवान वळणांची माळ उतरून यायच्या, शिकेनसाठी ब्रेक मारायच्या, डावी-उजवी करायच्या आणि लगेच हेअरपिनमध्ये शिरायच्या. शिकेनमध्ये जायची वाट एकच. दुसऱ्या वाटेने जाणारा वेळ गमावतो, म्हणून सगळे मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक. हेअरपिनपर्यंत पोचताना वेग इतका कमी झालेला असायचा की तिथे ब्रेक मारून आत घुसण्याइतकं अंतरच उरायचं नाही. म्हणजे ट्रॅकवरची सगळ्यात हळू आणि झुंजीला सगळ्यात योग्य जागा आधीच्या शिकेनने वाया घालवली होती.

याहून मोठं नुकसान पुढच्या पट्ट्यावर व्हायचं, आणि ते समजायला एक साधा हिशेब पुरतो. दोन गाड्यांमध्ये एक सेकंदाचं अंतर आहे असं धरा. ताशी ३०० किलोमीटरला एक सेकंद म्हणजे ८३ मीटर. ताशी ७० ला तोच एक सेकंद म्हणजे १९ मीटर. हेअरपिनमध्ये मागची गाडी पुढच्याच्या अगदी शेपटाशी आल्यासारखी दिसते, पण पुढचा आधी वळून आधी जोर देतो आणि पट्ट्यावर अंतर पुन्हा ताणलं जातं. टीव्हीवर आपण ‘आता गेला, आता गेला’ म्हणतो आणि पट्ट्याच्या मध्यावर पाहतो तर मागचा साठ-सत्तर मीटर लांब. म्हणून हेअरपिनमधून बाहेर पडताना मागच्याला काहीतरी जादा मिळायला हवं: वेगळी लाइन (वळणातली वाट), आधी जोर देण्याची सोय. अरुंद हेअरपिनमध्ये दोघांची लाइन एकच असते, त्यामुळे मागच्याला पुढच्याच्या चुकीची वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखं काही राहत नाही.

त्यात डर्टी एअर. फॉर्म्युला वनची गाडी हवेच्या दाबावर रस्त्याला चिकटते. पुढची गाडी हवा ढवळून मागे टाकते, मागच्या गाडीचा दाब कमी होतो, ती घसरते, घसरली की टायर तापतात, टायर तापले की आणखी घसरते. हॉटेलच्या भागात जवळपास काटकोनातली लहान वळणं एकामागून एक होती. तिथे मागच्या गाडीचे टायर लॅपमागून लॅप सोलले जायचे आणि लॅप संपताना ती पुन्हा दीड सेकंद मागे पडलेली असायची.

तीन जागा

२०२१ मध्ये, ट्रॅक सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, मोठा बदल झाला. आखणीचं काम एमआरके१ कन्सल्टिंगने पाहिलं. बदल तीन ठिकाणी केले गेले आणि मला तिन्हींचं मोल सारखं वाटत नाही.

पहिला, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा प्राण, हेअरपिनचा. शिकेन काढून टाकली. हेअरपिन अलीकडे घेतली, रुंद केली, आणि ती पाचवं वळण झाली. आता वेगवान वळणांवरून उतरणारी गाडी सरळ जोरदार ब्रेकिंगवर येते. आत घुसायचं की बाहेरून जाऊन उलटा कट मारायचा (बाहेर पडताना आतल्या बाजूला येऊन आधी जोर द्यायचा), असे दोन पर्याय मागच्याला मिळतात. पुढच्याने आतली बाजू झाकली तर त्याचं वळण घट्ट होतं, बाहेर पडायला उशीर लागतो, आणि समोर सव्वा किलोमीटरचा पट्टा उभा असतो. बचाव करायला किंमत मोजावी लागणं, हीच झुंजीची पहिली गरज. जुन्या रचनेत बचाव फुकट होता.

दुसरा बदल दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाला. तिथे अकरा ते चौदा अशी चार लहान वळणं होती, डावी-उजवी-डावी आणि पुन्हा डावी. त्यांच्या जागी एकच लांब, बाहेरून उंच केलेलं, झुकलेलं डावं वळण आलं, आताचं नववं. या झुकावामुळे, म्हणजे बँकिंगमुळे, गाडीला रस्त्याचा आधार मिळतो, हवेच्या दाबावरचं अवलंबन थोडं कमी होतं, आणि रुंद वळणात दोन गाड्या शेजारी-शेजारी जाऊ शकतात. याबद्दल माझं मन पूर्ण मोकळं नाही. चालवायला हे वळण सुंदर असेल, पण जुन्या अकराव्या वळणाला ब्रेकिंगची खरी जागा होती, डीआरएसच्या जोरावर तिथे ओव्हरटेक व्हायचे. ते ब्रेकिंग आता सौम्य झालं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने थोडं काढून घेतलं.

तिसरा बदल हॉटेलखालच्या वळणांचा. इमारती हलवता येत नव्हत्या. मग जे शक्य होतं तेच केलं: वळणं मोकळी केली, त्यांची त्रिज्या वाढवली, वेग वाढू दिला. इथे ओव्हरटेक होईल असं कुणी म्हणत नव्हतं. हेतू एवढाच की मागच्या गाडीचे टायर इथे कमी झिजावेत आणि लॅपच्या शेवटी ती जवळ राहावी. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. ओव्हरटेक पाचव्या किंवा सहाव्या वळणाला दिसतो, पण त्याची तयारी आधीच्या लॅपच्या चौदाव्या वळणापासून सुरू झालेली असते. ट्रॅकचा एखादा भाग फक्त ‘मागच्याला मागे टाकू नये’ म्हणून आखणं, ही समज खूप उशिरा येते.

बदलानंतर लांबी ५.२८१ किलोमीटर झाली, वळणं १६ राहिली, लॅप ५८ झाले. २०२० मध्ये व्हर्स्टापेनचा पोलचा लॅप १ मिनिट ३५.२४६ सेकंदांचा होता, २०२१ मध्ये त्याचाच १ मिनिट २२.१०९ सेकंदांचा. १३ सेकंदांहून जास्त फरक. यातला किती फरक निव्वळ अंतर कमी झाल्याचा? जुन्या लॅपचा सरासरी वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर येतो. २७३ मीटर कमी झाले, त्या वेगाने त्यांचे साधारण ४.७ सेकंद. उरलेले आठ-साडेआठ सेकंद वळणं मोकळी झाल्याचे, थोडा वाटा गाड्या आणि टायरांचाही असेल. नव्या लॅपचा सरासरी वेग ताशी सुमारे २३१ किलोमीटर झाला. या आकड्यांनी ट्रॅक वेगवान झाला हे सिद्ध होतं. झुंज चांगली झाली का, हे मात्र त्यांवरून कळत नाही, आणि बरेचजण या दोन गोष्टी एकच समजतात.

१२ डिसेंबर २०२१

नव्या ट्रॅकवरची पहिलीच शर्यत, आणि व्हर्स्टापेन आणि हॅमिल्टन दोघेही ३६९.५ गुणांवर बरोबरीत. त्या संध्याकाळच्या निर्णयांवर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. मी इथे फक्त रस्त्याबद्दल बोलतो.

सुरुवातीला हॅमिल्टन पुढे गेला. पहिल्याच लॅपला व्हर्स्टापेन नव्या हेअरपिनमधून त्याच्या मागोमाग निघाला आणि पट्ट्याच्या टोकाला, सहाव्या वळणाला, आत घुसला. हॅमिल्टन बाहेर ढकलला गेला, वळण कापून पुन्हा पुढेच आला, आणि पंचांनी त्याला जागा सोडायला सांगितलं नाही. निर्णय बाजूला ठेवा. जुन्या ट्रॅकवर पहिल्या लॅपला, जिथे डीआरएस वापरताच येत नसे, तिथे इतक्या जवळ राहून हा हल्ला करणं फार अवघड गेलं असतं.

विसाव्या लॅपच्या सुमाराला सर्जिओ पेरेझ जुन्या टायरांवर पुढे होता आणि संघातल्या सोबत्यासाठी, व्हर्स्टापेनसाठी, त्याने हॅमिल्टनला अडवून धरलं. अडवलं म्हणजे पेत्रोव्हसारखं नव्हे. हॅमिल्टन एका पट्ट्यावर पुढे जायचा, पेरेझ पुढच्या पट्ट्यावर परत जागा घ्यायचा, दोघे शेजारी-शेजारी वळायचे. हॅमिल्टनची आघाडीतली काही सेकंदं गेली आणि व्हर्स्टापेन त्याच्या जवळ आला. याच ट्रॅकवर २०१० मध्ये चाळीस लॅप एक गाडी दुसऱ्या गाडीमागे निमूट चालली होती. मला बदलाचा खरा पुरावा या दोन लॅपमध्ये दिसतो, शेवटच्या लॅपमध्ये नाही.

शेवटचा लॅप सगळ्यांना पाठ आहे. निकोलस लतिफी त्रेपन्नाव्या लॅपला चौदाव्या वळणाशी आदळला, सेफ्टी कार आली, व्हर्स्टापेनने नवे मऊ टायर घेतले, हॅमिल्टन जुन्या कडक टायरांवर राहिला. एकच लॅप उरला असताना शर्यत पुन्हा सुरू झाली आणि व्हर्स्टापेनने पाचव्या वळणाला, म्हणजे त्याच नव्या रुंद हेअरपिनला, आत घुसून विजेतेपद घेतलं. वळण जुनं असतं तर तो तिथे घुसू शकला नसता असं मला वाटतं. पण टायरांमध्ये इतका फरक होता की पुढच्या पट्ट्यावर किंवा त्याच्या टोकाला तो गेलाच असता. म्हणून या एका ओव्हरटेकवरून ट्रॅकला गुण देणं चुकीचं ठरेल.

त्याच शनिवार-रविवारी मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये याच नव्या रस्त्यावर धावत होता. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात. ट्रॅक खरोखर झुंज देतो का, हे पाहायला अशा शर्यती जास्त उपयोगी. गाड्यांमधला फरक कमी, म्हणून जे घडतं त्यात रस्त्याचा वाटा जास्त.

पोलचा हिशेब

आता न आवडणारा भाग. २०२१ मध्ये पोलवरचा माणूस जिंकला. २०२२ मध्येही, २०२३ मध्येही, दोन्ही वेळा व्हर्स्टापेन. २०२४ मध्ये पोल लँडो नॉरिसचा, विजयही त्याचाच. म्हणजे २०१५ ते २०२४ सलग दहा वर्षं, त्यातली चार नव्या ट्रॅकवरची.

यावरून काही जण म्हणतात की बदल फसला. मला हे पटत नाही, पण त्यांचं म्हणणं उडवूनही लावत नाही. २०२१ मध्ये पोलवाल्याने सुरुवातीलाच आघाडी गमावली होती आणि शेवटच्या लॅपला परत मिळवली, त्यामुळे ते वर्ष या यादीत नावापुरतंच बसतं. पुढच्या दोन वर्षांत रेड बुलची गाडी इतरांपेक्षा इतकी सरस होती की कुठल्याही ट्रॅकवर फारसं वेगळं घडलं नसतं. शिवाय २०२२ मध्ये नियमच बदलले. गाडीचा तळ जास्त दाब निर्माण करू लागला आणि मागे राहणं सोपं झालं, त्यामुळे त्यानंतर जे काही सुधारलं त्यात ट्रॅकचा वाटा किती आणि गाडीचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

पण मुख्य गोष्ट वेगळी. सर्वात वेगवान गाडी सर्वात पुढून निघाली तर तिने जिंकावं, यात ट्रॅकचा दोष काय? ट्रॅकची परीक्षा तेव्हा होते, जेव्हा वेगवान गाडी काही कारणाने मागे पडते. २०१० चा अलोन्सो हीच ती परीक्षा होती आणि ट्रॅक नापास झाला होता. विजेता कोण याऐवजी चौथ्या ते दहाव्या नंबरांत शर्यतभर काय चाललंय ते मोजायला हवं, आणि मागची गाडी किती लॅप पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत टिकून राहते तेही. ओव्हरटेकची नुसती संख्याही फसवी असते. डीआरएस उघडून पट्ट्याच्या मध्यावरच पुढे निघून जाणं हेही मोजणीत एक ओव्हरटेकच होतं, पण ते पाहताना कुणी खुर्चीच्या टोकावर येत नसे.

शिकेन काढली की काम झालं, असंही नाही. मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कमध्ये २०२२ ला मागच्या बाजूची शिकेन निघाली, बार्सिलोनात २०२३ ला फॉर्म्युला वनने शेवटची शिकेन सोडून जुनं वेगवान वळण परत घेतलं. वेगवान वळणात मागच्याला डर्टी एअर जास्त नडते, म्हणून शिकेन काढण्याचा फायदा ती कशाच्या आधी आहे यावर ठरतो. यासला ती हळू हेअरपिनच्या आधी होती. बार्सिलोनाला लांब पट्ट्याच्या आधी. दोन्ही ठिकाणी शिकेनच, औषध मात्र एकच लागू पडेल असं धरता येत नाही.

हॉलमध्ये

कार्टला पंख नाहीत. हवेचा दाब नगण्य, म्हणून डर्टी एअर नाही. हीच ती पूर्ण वेगळी गोष्ट, आणि आमच्यासाठी आनंदाची. हॉलमधल्या कार्टी जवळपास सारख्या, वेग कमी, मागे चिकटून राहायला काही अडचण नाही. मग ओव्हरटेक का होत नाहीत?

कारण आम्ही सगळ्यांनी हॉलच्या जागेत जास्तीत जास्त वळणं कोंबलेली असतात. मालकाला वाटतं, वळणं जास्त म्हणजे मजा जास्त, आणि लांबी वाढली की जाहिरातीत मीटर लिहिता येतात. परिणाम यासच्या जुन्या शिकेनचाच. ताशी ४० ला अर्ध्या सेकंदाचं अंतर म्हणजे साडेपाच मीटर. ताशी १५ च्या वळणात तेच दोन मीटर, म्हणजे एका कार्टची लांबी. मागचा बंपरला बंपर लावून असतो आणि तरी त्याला जागा नसते. मग तो पुढच्याला ठोकून बाजूला करतो. हॉलमधली बहुतेक भांडणं स्वभावातून येत नाहीत, रस्ता दुसरा मार्ग देत नाही म्हणून होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कार्टचं एक वैशिष्ट्य इथे विसरून चालत नाही. तिला डिफरेन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकाच वेगाने फिरतात. वळताना आतलं मागचं चाक उचललं तरी जायला हवं किंवा घासलं तरी जायला हवं. फार घट्ट, फार लांब हेअरपिनमध्ये ते घासत राहतं आणि वेग मरतो. भाड्याच्या कार्टचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना, आणि हॉलची फरशी गुळगुळीत काँक्रीटची. रबर बसलेल्या पट्ट्याबाहेर गेलात की साबणावर गेल्यासारखं होतं. म्हणून ‘वळण रुंद केलं’ एवढ्याने दुसरी लाइन तयार होत नाही. त्या दुसऱ्या लाइनवर कार्टी फिरून रबर बसायला हवं. मांडणी बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळे ‘नवा ट्रॅक बेकार’ म्हणतात ते यामुळेच. तेवढा धीर धरावा लागतो.

आमच्या हॉलमध्ये एका रात्री प्लास्टिकच्या ठोकळ्यांची रांग सोडवून आम्ही यासच्या हेअरपिनची नक्कल केली. पट्ट्याच्या टोकाला, वळणाच्या आधी, डावी-उजवी अशी दोन लहान वळणं होती. ती काढली, पट्टा तेवढा लांब झाला. वळणाचं तोंड रुंद केलं आणि बाहेर पडायची बाजू आहे तशी ठेवली. सगळीकडे सारखं रुंद केलं असतं तर आत घुसणारा आणि बाहेरचा दोघेही सुखात बाहेर पडले असते आणि पुन्हा तोच क्रम राहिला असता. तोंड रुंद आणि शेवट अरुंद असला की दोघांपैकी एकाला नमावं लागतं. नवी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवरही तिसऱ्या वळणाचं तोंड असंच रुंद ठेवलंय, आत जाताना एकापेक्षा जास्त लाइन मिळावी म्हणून.

हॉलच्या मधोमध खांब आहेत. त्यांच्याभोवतीची वळणं हलवता येईनात, तेव्हा यासच्या हॉटेलची आठवण झाली. ती फक्त मोकळी केली. तिथे कुणी कुणाला गाठत नाही, पण मागचा आता धडपडत मागे पडत नाही आणि पुढच्या पट्ट्यावर जवळच निघतो.

मग एक गोष्ट लक्षात आली जी ठोकळ्यांनी सुटणारी नव्हती. बहुतेक हॉलमध्ये निकाल सर्वात चांगल्या लॅपवर लावतात. दहा मिनिटं फिरा, ट्रान्सपॉन्डर (कार्टवरचं वेळ नोंदवणारं यंत्र) सगळे लॅप नोंदवतो, ज्याचा एक लॅप सर्वात कमी वेळेचा तो पहिला. या पद्धतीत झुंजणाऱ्याचं नुकसानच होतं. शहाणा माणूस वेग कमी करून पुढे मोकळी जागा तयार करतो आणि एकच लॅप जीव तोडून मारतो. रस्ता कितीही चांगला आखा, तिथे शर्यत होणार नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंगच्या उघड्या ट्रॅकवर जी स्पर्धात्मक कार्टिंग होते, तिथे ग्रिड (सुरुवातीच्या जागांची रांग) असते, एकत्र सुरुवात असते आणि जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकतो. हॉलमध्येही निदान शनिवारच्या गटांना आम्ही आता असंच चालवतो: पाच मिनिटं वेळ नोंदवायची, मग ग्रिड, मग ठरलेले लॅप. वेगवान मुलांना एकदा मागून सोडून पाहिलं. कारण यासनेच शिकवलं होतं की वेगवान माणूस मागे असतानाच रस्त्याची परीक्षा होते.

सध्या आमचं अडतंय ते दुसऱ्या टोकाला. तिथल्या वळणाला बँकिंग द्यावं असं एकाचं म्हणणं आहे. मी विरोधात आहे. बँकिंगने तिथलं ब्रेकिंग जाईल, आणि त्या वळणाला आमच्याकडे ब्रेकिंगशिवाय दुसरं काही नाही. पुढच्या सोमवारी हॉल बंद असतो. त्या दिवशी ते वळण आणखी घट्ट करून, त्याच्या आधीचं एक लहान वळण काढून बघायचं ठरलंय. खडू आणि मोजपट्टी आधीच आणून ठेवली आहे.